ग्रंथाचा शृंगार



एका गावी सप्ताहाची समाप्ती झाली. ज्ञानेश्वरी पालखीत ठेवली होती. वर शेला, फुले, भोवती टाळकरी. मिरवणूक आटोपल्यावर एका माळकरी तरुणाने मला गाठले नि विचारले, "बुवा, ग्रंथ वाचण्यासाठी असतो ना? मग हा एवढा थाट कशासाठी?" मी "अरे, भाव असतो" एवढे म्हणून वेळ मारून नेली. पण शंका रास्त होती. तिचा विचार करता करता मी युरोप खंडातल्या जुन्या हस्तलिखितांपर्यंत जाऊन पोहोचलो. तेथे हाच वाद शेकडो वर्षे चाललेला आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

युरोपात छापखाना आला पंधराव्या शतकाच्या मध्यास. त्यापूर्वी ग्रंथ हातांनीच लिहीत, आणि पुष्कळ काळ हे काम मठांतले साधू करीत. त्यांतल्या शोभिवंत ग्रंथांना जे नाव पडले, ते लॅटिनमधल्या 'उजळणे' या अर्थाच्या धातूवरून. सोन्याचा वर्ख लावलेले पान दिव्यापुढे धरले की खरोखरच उजळते.

ही पाने कातड्याची असत. वासराचे, मेंढराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडून ती सिद्ध करीत. ऐकून वारकऱ्याचे मन दचकते, माझेही दचकले. पण त्या थंड मुलखात ताडपत्र नाही, आणि कागद तिकडे पोहोचला तो फार उशिरा, अरबांच्या मार्फत. लेखणी हंसाच्या जातीच्या पक्ष्याच्या पिसाची. शाई माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची. रंग मात्र आपल्या ओळखीचे: शेंदूर, हिंगूळ, हरताळ, जंगाल, नीळ. शेंदराला लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणतात. पोथीतल्या लहान चित्राला 'मिनिएचर' हे नाव त्या शेंदरावरूनच आले. हरताळाची गंमत पाहा. तिकडे तो सोन्यासारखा पिवळा म्हणून शोभेला वापरीत. आपले लेखक चुकलेल्या अक्षरावर तोच फाशीत आणि चूक झाकीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातलाच. वस्तू एकच, हेतूप्रमाणे तिचे काम पालटले. पुढच्या विचाराची किल्ली येथेच आहे.

आता पूर्वपक्ष ऐका. बायबलाचे लॅटिन भाषांतर करणारा महापंडित जेरोम याने इ.स. ३८४ च्या सुमारास रोमहून लिहिलेल्या एका पत्रात श्रीमंतांच्या ग्रंथांवर कोरडा ओढला आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: जांभळ्या रंगवलेल्या पानांवर सोने वितळवून अक्षरे काढता, ग्रंथ रत्नांनी मढवता, आणि दाराशी ख्रिस्त उघडानागडा मरतो आहे! पुढे बाराव्या शतकात सिस्टर्शियन नावाच्या विरक्त पंथाने तर नियमच केला, की अक्षरे एकाच रंगाची असावीत, त्यांत चित्रे नसावीत.

उत्तरपक्षही तितकाच प्रामाणिक आहे. आठव्या शतकात बोनिफेस नावाचा इंग्रज साधू जर्मनीत धर्मोपदेश करीत होता. त्याने स्वदेशीच्या एडबर्गा नावाच्या मठाधिपतिणीला पत्र लिहून सोनेरी अक्षरांत ग्रंथ लिहून मागितला. कारण काय? ज्यांची दृष्टी बाह्य वस्तूंवरच खिळते, अशा श्रोत्यांपुढे शास्त्राविषयी आदर उत्पन्न व्हावा. म्हणजे सोने डोळ्यांना धरून आणते. पुढचे काम शब्दाने करायचे.

मग निर्णय काय? त्यासाठी एकच दृष्टान्त घेऊ. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. भरतीच्या वेळी, दिवसातून दोनदा, त्याची वाट पाण्याखाली जाते. तेथले संत कथबर्ट इ.स. ६८७ मध्ये निवर्तले. इ.स. ६९८ ते ७२१ पर्यंत तेथे एडफ्रिथ नावाचे धर्माध्यक्ष होते. त्यांनी देवाप्रीत्यर्थ व कथबर्टांच्या स्मरणार्थ येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमाने लिहून काढली. पाने २५० हून अधिक. मजकूर आणि चित्रे एकाच हातची मानली जातात. प्रत्येक शुभवर्तमानाच्या आरंभी लेखकाचे चित्र, गालिच्यासारखे विणलेल्या नक्षीचे एक संबंध पान, आणि मग पहिले अक्षर, असे मोठे की पान भरून जावे. त्यात पक्षी व श्वापदे एकमेकांत गुंतलेली. अक्षरांभोवती तांबडे ठिपके. एका पानावर तर ते १०,००० हून अधिक आहेत! सोने मात्र अगदी थोड्या जागी. येथला उजेड सोन्याचा नाही, सोसलेल्या वेळेचा आहे. दहा हजार वेळा लेखणी टेकवणे हा एक प्रकारचा जपच नव्हे काय?

आणि एवढे करून त्यांनी स्वतःचे नाव कोठे मिरवलेले नाही. ते आपल्याला कळते सुमारे अडीचशे वर्षांनंतरच्या एका टिपेवरून. मधल्या काळात इ.स. ७९३ मध्ये समुद्री लुटारूंनी बेट लुटले, इ.स. ८७५ मध्ये साधू कथबर्टांचा देह घेऊन बेट सोडून निघाले. वाटेत ग्रंथ समुद्रात पडला आणि ओहोटीला जसाच्या तसा सापडला, अशी दंतकथा आहे. दहाव्या शतकात चेस्टर-ल-स्ट्रीट या गावी ऑल्ड्रेड नावाच्या पुरोहिताने तो हाती घेतला आणि लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरांत, प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या लोकभाषेत लिहिला. शेवटी नोंद केली: एडफ्रिथांनी लिहिले, एथेलवाल्डांनी बांधणी केली, बिलफ्रिथांनी वरून सोने, चांदी व रत्ने जडवली, आणि मी अपात्र, अतिदीन ऑल्ड्रेडने अर्थ लिहिला.

कोणी म्हणेल, अहो, एवढ्या देखण्या पानावर रेघोट्या ओढल्या, हा तर बिघाड! पण काळाने काय निवाडा केला पाहा. बिलफ्रिथांचे रत्नजडित वेष्टन नाहीसे झाले; आजचे वेष्टन एकोणिसाव्या शतकातले आहे. आणि ऑल्ड्रेडची ती बारीक अक्षरे आज उपलब्ध असलेले शुभवर्तमानांचे सर्वांत जुने इंग्रजी भाषांतर ठरली. ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानोबारायांच्या लेकरांना लोकभाषेचे हे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा सिद्धान्त असा. शृंगार दोष नव्हे. पण तो दार आहे, गाभारा नव्हे. दाराशी डोळा थांबतो, आत अर्थाने जायचे. जेरोमचा राग दाराशीच बसून राहणाऱ्यांवर होता. तो राग खरा. बोनिफेसची मागणी आत नेण्यासाठी होती. तीही खरी.

हे मी दुसऱ्याला सांगतो आहे असे समजू नका. माझ्या घरी आजोबांच्या हातची पोथी होती. रेशमी रुमालात बांधलेली. दर एकादशीला तिला गंध लावी, फूल वाही, नमस्कार करी. सोडीत मात्र नसे. कित्येक वर्षांनी एकदा रुमाल सोडला तो आत कसर लागलेली. मधले तीन अध्याय चाळणीसारखे झाले होते. रुमाल मात्र नवाच्या नवा.

त्या माळकरी तरुणाची पुन्हा भेट झाली तर त्याला एवढेच सांगेन: बाबा, ग्रंथ खुशाल पालखीत मिरव. पण घरी गेल्यावर रुमाल सोड, आणि रोज निदान एक ओवी अर्थासहित वाच. जो ग्रंथ उघडला जातो, त्याला कसर लागत नाही.

राम कृष्ण हरि.