कीटकांचें नांव, गांव आणि कुळ

कीटकांविषयीं शास्त्र मुख्यतः तीन प्रश्न विचारतें. त्यांच्या जाती किती? त्या कोठकोठें राहतात? आणि त्या अशा कशा झाल्या? हे प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचे आहेत असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं सांगली जिल्ह्यांतील २००२ सालचा पावसाळा आठवावा.

त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत येथील उंसाच्या पानांखालीं पांढऱ्या लोकरीसारखा थर दिसूं लागला. तो होता लोकरी मावा. हा किडा पानांतील रस शोषतो. त्याच्या अंगांतून गळणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, आणि पानास सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. मग उंसाचें वजन घटतें व साखरेचा उताराहि उतरतो. माव्याची मादी नरावांचून जिवंत पिलें प्रसवते, आणि पंख फुटलेले किडे वाऱ्याबरोबर दूर जातात. यामुळें हा उपद्रव पाहतां पाहतां शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकांत पसरला. डोक्याहून उंच वाढलेल्या उंसांत औषध फवारणें कठीण. शिवाय त्या विषानें माव्याबरोबर त्याचे शत्रूहि मरतात.

अशा वेळीं जुन्या नोंदी उपयोगीं पडल्या. या किड्याचें वर्णन १८९७ सालीं जावा बेटांतील नमुन्यांवरून झालें होतें. हिंदुस्थानांत पश्चिम बंगालमध्यें त्याची नोंद १९५८ सालीं झाली होती. नांव कळल्यामुळें गांव कळलें, आणि गांव कळल्यामुळें त्याचे शत्रू कोठें शोधावेत हेंहि कळलें. डिफा नांवाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक, हे दोघे मावा खाऊन जगतात. त्यांची वाढ करून ते शेतांत सोडण्यांत आले. एन्कार्शिया ही चिमुकली परोपजीवी माशी आसामांतून आणण्यांत आली. कोणा अभ्यासकानें पूर्वी कांहीं लाभ नसतांना ठेवलेली टिपणें अशा रीतीनें शेतकऱ्याच्या बांधावर कामास आलीं.

आतां दुसरा प्रश्न पाहूं. आमच्या या दोन जिल्ह्यांइतका पावसाचा फरक थोड्याच मुलखांत आढळेल. महाबळेश्वरीं वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो २० इंचांच्या आसपास असतो. साहजिकच पश्चिमेकडील कोयना व चांदोलीच्या दाट रानांतील कीटक निराळे आणि माणदेशाच्या माळावरचे निराळे. २०१२ सालीं जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या कासच्या पठारावर तर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. पावसाळ्यांत तेथें फुलें येतात, त्या फुलांवर कीटक येतात, आणि दंवबिंदूसारखी वनस्पति आपल्या चिकट केसांनीं त्याच कीटकांस पकडून खाते. महाबळेश्वराजवळच्या मांघर गांवास २०२२ सालीं 'मधाचें गांव' हा मान मिळाला, तोहि रानफुलें व मधमाश्या यांच्या या जुन्या स्नेहामुळेंच.

तिसरा प्रश्न सर्वांत गहन आहे. आजवर कीटकांच्या सुमारें १० लक्ष जातींस नांवें मिळालीं आहेत. त्यांपैकीं जवळजवळ ४ लक्ष एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत. ही विविधता एका दिवसांत झाली नाहीं. कीटकांचें कुळ सुमारें ४० कोटी वर्षांचें आहे. भुंगेऱ्याचे जबडे, फुलपांखराची सोंड आणि डांसाची सुई यांचें रूप भिन्न, परंतु मूळ अवयव तेच. आहार बदलत गेला तसतसे पिढ्यानपिढ्या त्यांचे आकार बदलले. सुरवंट पानें खातो आणि त्याचेंच फुलपांखरूं मध पितें; म्हणून पोर व प्रौढ यांच्यांत अन्नासाठीं झगडा होत नाहीं. बहुतेक सुरवंट शाकाहारी असतां वर सांगितलेली डिफाची अळी मांसाहारी व्हावी, हेंहि याच दीर्घ क्रमाचें फळ होय. हा क्रम आजहि थांबलेला नाहीं. एकच विष वारंवार फवारलें असतां त्यास दाद न देणारे थोडे किडे वांचतात, त्यांचीच प्रजा वाढते, आणि कांहीं वर्षांनीं तें औषध निकामी होतें. हें ज्यास समजलें, तो शेतकरी औषधाची बाटली हातीं घेण्यापूर्वीं विचार करील.

मग विद्यार्थ्यानें काय करावें? एक वही पुरे. दिसलेल्या कीटकाची तारीख, गांव व तो कोणत्या झाडावर होता हें लिहावें. पाय व पंख मोजून लहानसें चित्र काढावें. त्यास मारण्याचें कारण नाहीं. देशी भाषेंतील नांव घरच्या वडील माणसांस विचारून टिपावें. हुमणी, सातेरी, आग्या हीं नांवें शेतांत व रानांत राबणाऱ्यांनीं निरखूनच ठेविलीं आहेत. जें नोंदलें जात नाहीं, तें नाहींसें झालें तरी कोणास कळत नाहीं. आणि जें नोंदलेलें असतें, तें एखाद्या दिवशीं सबंध जिल्ह्याचें पीक वांचविण्यास उपयोगीं पडतें.