भाजीपाल्याच्या रोपांसाठी बांबूचा माचा आणि जाळीचा मांडव

संकरित टोमॅटो किंवा मिरचीच्या बियाण्याची पुडी आज सोन्यासारखी जपून वापरावी लागते. असे महागडे बियाणे गादी वाफ्यावर टाकले आणि त्याच रात्री जोराचा पाऊस झाला, तर काही बी वाहून जाते, काही दबते आणि उगवलेल्या रोपांपैकी काही मर रोगाने आडवी होतात. जी रोपे वाचतात त्यांच्यावर पांढरी माशी बसते. रोप शेतात जाण्यापूर्वीच त्यात विषाणू शिरलेला असतो. पुढे कितीही खत-औषध दिले तरी असे झाड सुधारत नाही.

म्हणून पिकाचे पहिले २५ ते ४० दिवस सांभाळणे सर्वांत स्वस्त पडते. या काळात रोपाला दोनच गोष्टी कटाक्षाने द्याव्यात : भरपूर उजेड आणि किडीपासून आडोसा. या दोन्ही गोष्टी देणारा एक माचा घरच्या घरी, बांबू व जाळी वापरून दोन दिवसांत तयार करता येतो. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

उजेडाचे महत्त्व

प्रथम माझ्याच घरची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या १० गुंठ्यांसाठी टोमॅटोचे २२ ट्रे भरले. थंडीचे दिवस होते, म्हणून ऊब राहावी यासाठी ते घरात एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने झाकले. इथपर्यंत सर्व बरोबर होते. पाचव्या दिवशी ट्रे उघडून पाहायचे होते. पण घरात लग्नकार्य निघाले आणि ते सातव्या दिवशी उघडले. आत पांढरट पिवळी, दोऱ्यासारखी लांब रोपे होती. उन्हात ठेवताच बहुतेक आडवी पडली. पुडी पुन्हा आणावी लागली आणि लागवड पंधरा दिवस पुढे गेली. वर्गात जे शिकवतो तेच घरी विसरलो.

याचे कारण साधे आहे. बी उगवताना आपल्यातील साठवलेल्या अन्नावर जगते. अंधारात असेल तर ते सर्व अन्न उजेड शोधण्यासाठी खोड लांबविण्यात खर्च करते. एकदा लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. त्यामुळे उगवण दिसताच त्याच दिवशी ट्रे उजेडात आणणे हा रोपवाटिकेतील पहिला नियम समजावा.

ओटीवर, पडवीत किंवा आंब्याच्या दाट सावलीत ट्रे ठेवल्यास हीच चूक हळूहळू होते. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, तर घरातील खोलीत तो काहीशे लक्सच भरतो. आपला डोळा अंधाराशी जुळवून घेतो, म्हणून आपल्याला तेथे पुरेसा उजेड वाटतो; रोपाला तो पुरत नाही. पडवीतील रोपे अंगणाकडे वाकलेली दिसली, की उजेड कमी पडत आहे असे समजावे.

थंड देशांत बाहेर बर्फ असताना लोक घरात लाकडी मांडणी करून ट्यूबलाइटखाली रोपे वाढवितात. दिवा रोपांच्या शेंड्यापासून दोन ते तीन इंचांवर टांगतात, रोप वाढेल तसा वर ओढतात आणि रोज १४ ते १६ तास चालू ठेवतात. शहरात गच्ची नसलेल्यांना परसबागेच्या पाच-पन्नास रोपांसाठी हा उपाय करता येईल. आपल्याकडे मात्र ऊन फुकट आहे. शेतकऱ्याने विजेवर खर्च करण्यापेक्षा तो जाळीवर करावा.

किती ट्रे लागतील?

टोमॅटोची लागवड ४ × १॥ फुटांवर (सुमारे १२० × ४५ से.मी.) केल्यास एका झाडाला ६ चौ. फूट जागा मिळते. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौ. फूट. म्हणजेच १,८१५ रोपे लागतील. न उगवलेले बी आणि नांग्या भरणे यासाठी १५ ते २० टक्के जादा धरावीत. ९८ कप्प्यांच्या एका ट्रेप्रमाणे २२ ट्रे पुरतात. खाली दिलेला माचा २४ ट्रेसाठी आहे. एक ग्रॅम टोमॅटो बियाण्यात साधारण ३०० बिया असतात, म्हणजे १० ग्रॅमच्या एका पुडीत हे काम भागते.

लागणारे साहित्य

१) २० फुटी बांबू – १४ (त्यांपैकी ३ चिरून कामट्या कराव्यात)
२) बांधण्यासाठी गंजरोधक तार
३) ४० ते ५० मेशची पांढरी नायलॉन जाळी – सुमारे ३० चौ.मी.
४) ५० टक्के सावली देणारी शेडनेट – १५ फूट लांब, ६ फूट रुंद
५) पावसाळ्यासाठी तेवढ्याच मापाचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद
६) वाळू भरलेल्या लांबट पिशव्या, थोडे डांबर

माचा तयार करण्याची पद्धत

जागा पाण्याजवळ व घराजवळ, पण दिवसभर ऊन मिळेल अशी निवडावी. शेजारी टोमॅटो, मिरची, वांगी किंवा भेंडीचे जुने पीक नसावे. पांढरी माशी तेथूनच येते. आजूबाजूचे तण काढून टाकावे.

चार-चार फुटांवर चार खुणा करून १२ फूट लांबीची एक ओळ आखावी. तिच्यापासून चार फुटांवर तशीच दुसरी ओळ घ्यावी. आठही खुणांवर दीड फूट खोल खड्डे घेऊन सात फुटी बांबू उभे करावेत, म्हणजे जमिनीवर साडेपाच फूट उंची राहील. दोन्ही टोकांना मधोमध आठ फुटी बांबू पुरावेत. पुरण्याचा भाग डांबरात बुडवावा, म्हणजे वाळवी लागत नाही.

जमिनीपासून अडीच फुटांवर दोन्ही ओळींना आडवे लांब बांबू तारेने घट्ट बांधावेत. त्यांवर दर दोन फुटांनी आडवे तुकडे टाकून वर लांबीच्या दिशेने कामट्या बांधाव्यात. दोन कामट्यांत दोन इंच फट ठेवावी. ही फट महत्त्वाची आहे. ट्रेच्या भोकातून बाहेर येणाऱ्या मुळीला खाली मोकळी हवा मिळाली की ती तिथेच सुकते आणि कप्प्यात तंतुमुळांचा गोळा तयार होतो. ट्रे जमिनीवर ठेवल्यास मुळ्या मातीत शिरतात आणि रोप उचलताना तुटतात.

खांबांच्या डोक्यावर लांब व आडवे बांबू बांधावेत. मधल्या आडव्या बांबूंवर एक फुटाचे टेकू लावून मधोमध आढे टाकावे, म्हणजे छताला दोन्हीकडे उतार मिळेल. बांबूची सर्व टोके व कंगोरे घासून घ्यावेत, नाहीतर जाळी फाटते.

जाळी गावातल्या शिंप्याकडून मच्छरदाणीसारखी शिवून घ्यावी. ती सर्व बाजूंनी जमिनीवर एक फूट टेकली पाहिजे. आखूड बाजू मातीत दाबाव्यात, लांब बाजूंवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. काम करताना एका वेळी एकच बाजू, तीही सकाळी लवकर उचलावी. थंड वेळी पांढरी माशी फारशी उडत नाही. बोटभर फट राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते, म्हणून दर आठवड्यास जाळी तपासावी.

ट्रे भरणे व बी टाकणे

धुतलेले, क्षार कमी असलेले कोकोपीट घ्यावे. पाच किलोची एक वीट भिजवून फुलविल्यास २४ ट्रेंना साधारण पुरते. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. जुने ट्रे धुऊन, उन्हात वाळवून वापरावेत.

प्रत्येक कप्प्यात अर्धा से.मी. खोल एकच बी टाकून वर कोकोपीट भुरभुरावे. रंगीत बियाण्यास कंपनीने आधीच औषध लावलेले असते. साध्या बियाण्यास ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात चोळावे. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकावेत आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ उघडून पाहावेत. टोमॅटो ४ ते ६, तर मिरची ७ ते १० दिवसांत उगवते. थंडीत आणखी वेळ लागतो. पहिले मोड दिसताच सर्व ट्रे माच्यावर पसरावेत.

माच्यावरील निगा

सावली : पहिला आठवडा फक्त दुपारी ११ ते ३ शेडनेट टाकावी. नंतर ती काढून टाकावी. कडक उन्हाळ्यात मात्र दुपारची सावली आणखी काही दिवस ठेवावी. दिवसभर शेडनेटखाली वाढलेले रोप दिसायला उंच, पण नाजूक असते.

पाऊस : शेडनेटमधून पाऊस गळतो. त्यासाठी फक्त छतावर प्लॅस्टिक टाकावे व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. उघडीप मिळताच प्लॅस्टिक काढावे, नाहीतर आत उष्णता कोंडते.

पाणी : बारीक झारीने सकाळी द्यावे. कडेचे कप्पे आधी सुकतात, तेथे जास्त लक्ष द्यावे. ढगाळ हवेत संध्याकाळी पाणी देऊ नये.

खत : बाराव्या व विसाव्या दिवशी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात द्यावे. त्याआधी घाई करू नये.

मर रोग : रोपे बुंध्याशी कुजून कोलमडू लागल्यास तो ट्रे बाजूला काढावा, पाणी कमी करावे आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात ओतावे.

किडी : जाळीत एक-दोन पिवळे चिकट सापळे टांगावेत. जुन्या पुस्तकांत वाफ्यात फोरेट टाकण्याची शिफारस आढळेल. परंतु ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. ते वापरू नये.

रोपे केव्हा काढावीत?

टोमॅटो व कोबी – २१ ते २८ दिवस
वांगी – ३० ते ३५ दिवस
मिरची – ३५ ते ४० दिवस

शेवटचे पाच-सहा दिवस पाणी कमी करून रोपे काटक करावीत. जाळी मात्र लागवडीच्या दिवसापर्यंत काढू नये. चांगले रोप १२ ते १५ से.मी. उंच, पेन्सिलीच्या शिशासारखे नव्हे तर जाडसर खोडाचे, चार-पाच हिरव्यागार पानांचे असते. बोटाने हलवून सोडले की ते पुन्हा सरळ उभे राहते. लागवडीपूर्वी ट्रेला पाणी द्यावे, म्हणजे गोळा न फुटता रोप निघते. लागवड दुपारनंतर, ऊन उतरल्यावर करावी.

रोपे तयार घ्यायची असली, तरी वरील खुणा उपयोगी पडतात. घेण्यापूर्वी रोपवाटिकेची जाळी पाहावी, पानाची खालची बाजू पाहावी आणि एक रोप काढून मुळांचा गोळा पाहावा. वरून उंच दिसणाऱ्या रोपाला भुलू नये.

एकदा बांधलेला माचा योग्य देखभाल केल्यास दोन-तीन हंगाम वापरता येतो. हंगाम संपल्यावर जाळी धुऊन, वाळवून, उंदरांपासून दूर ठेवावी. पहिल्या वर्षी सर्व बियाणे माच्यावर न टाकता चार ट्रे करून पाहावेत, गादी वाफ्यावरील रोपांशी तुलना करावी आणि अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एक ट्रे घेऊन जावे. नुसत्या सांगण्यापेक्षा ट्रे पाहून सल्ला देणे सोपे जाते.