पत्त्यात रस्ता नसलेले शहर : मानहाइमची ओळख

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा विद्यापीठाच्या वर्गात होत नाही. ती अनोळखी शहराच्या रस्त्यावर होते. जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्याच राज्यातील मानहाइम हे विद्यापीठाचे शहर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कारण त्याच्या मध्यभागातील पत्त्यांत रस्त्याचे नावच नसते.

आखणीचा इतिहास

राइन व नेकार या नद्यांच्या संगमावरील या गावास १६०७ मध्ये इलेक्टर फ्रीडरिश चौथा याने नगराचे अधिकार दिले आणि बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनी आखणी केली. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर उद्ध्वस्त केले. तथापि पुनर्रचनेत चौकोनांची पद्धत कायम राहिली. १७२० मध्ये बांधावयास घेतलेल्या भव्य राजवाड्यात आज विद्यापीठ आहे.

चौकोन कसा शोधावा?

राजवाड्याकडे पाठ करून नेकार नदीच्या दिशेने उभे राहावे. समोर जाणारा रुंद रस्ता हा शहराचा कणा होय. त्याच्या डावीकडील ओळींना रोमन लिपीतील ए ते के, तर उजवीकडील ओळींना एल ते यू ही अक्षरे क्रमाने दिलेली आहेत. डावीकडील मालिकेत 'आय' हे अक्षर गाळलेले असल्याने दोन्ही बाजूंस दहा-दहा अक्षरे येतात. प्रत्येक ओळीतील चौकोनांचे क्रमांक मुख्य रस्त्यापाशी १ पासून सुरू होऊन बाहेरच्या बाजूस वाढत जातात.

उदाहरणार्थ, नगरपालिकेचे मुख्यालय 'ई ५' या चौकोनात आहे. म्हणजेच राजवाड्यापासून पाचवी ओळ आणि मुख्य रस्त्यापासून डावीकडे पाचवा चौकोन. बाजारचौक 'जी १' येथे, म्हणजे सातव्या ओळीत रस्त्यालगतच आहे.

अक्षर व क्रमांकानंतर येणारा आकडा घराचा असतो. तो चौकोनाच्या राजवाड्याकडील कोपऱ्यापासून मोजला जातो; डाव्या भागात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने व उजव्या भागात काट्यांच्या दिशेने.

उच्चाराचा घोटाळा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंग्रजीतील पहिल्या अक्षराचा उच्चार आपण 'ए' असा करतो. जर्मन भाषेत मात्र त्या अक्षरास 'आ' म्हणतात, आणि 'ए' हा उच्चार पाचव्या अक्षराचा असतो. त्यामुळे 'ए ५' येथील विद्यापीठाची इमारत विचारणाऱ्या विद्यार्थ्यास नगरपालिकेचा मार्ग दाखविला जाण्याचा संभव आहे. वर्गाची वा परीक्षेची वेळ अशा चुकीने सहज हुकू शकते. पत्ता तोंडी न विचारता कागदावर लिहून दाखवावा, हे उत्तम.

पत्ता अचूक का हवा?

जर्मनीत नव्या घरी राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत निवासाची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. कार्यालयीन व बँकेची महत्त्वाची पत्रे टपालानेच येतात. दारावरील टपालपेटीवर विद्यार्थ्याचे नाव नसेल, तर पत्र परत जाऊ शकते व पुढील कामे खोळंबतात. आजार वा अपघाताच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यावरही ठिकाण नेमके सांगावे लागते. भ्रमणध्वनीवरील नकाशा उपयुक्त खरा; परंतु त्याची विद्युतघटी संपल्यास ओळी व चौकोन मोजता येणारा विद्यार्थीच घरी पोहोचतो.

शाळेतून तयारी

या साऱ्याचा पाया नकाशावाचन हाच आहे. दिशा ठरविणे, ठळक खूण निवडणे, तेथून अंतर मोजणे आणि परतीचा मार्ग ध्यानी ठेवणे, या चार गोष्टी कोणत्याही गावी उपयोगी पडतात. शिक्षकांनी ग्रामपंचायतीच्या साहाय्याने विद्यार्थ्यांकडून स्वतःच्याच गावाचा नकाशा काढवून घ्यावा. आणि चावडीपासून शाळेपर्यंतची वाट परगावच्या पाहुण्यास केवळ त्या नकाशावरून सापडते काय, हे पाहावे. स्वतःच्या गावाची वाट दुसऱ्यास नीट सांगू शकणारा विद्यार्थी परक्या शहरात सहसा वाट चुकणार नाही.