चिमूटभर मीठ आणि आंब्याचे झाड



सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अल्लाहने दोन आज्ञा दिल्या आहेत. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या कराव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा. भाष्यकारांनी अधिकारालाही अमानतच मानले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येकाला मेंढपाळाची उपमा देऊन सांगितले की, ज्याला त्याला आपापल्या कळपाविषयी जाब द्यावा लागेल. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील या हदीसमध्ये शासकाबरोबर घरातील पुरुष, स्त्री व सेवक यांचाही उल्लेख आहे. म्हणजेच सत्तेचा हिशेब केवळ राजाकडून घेतला जाणार नाही.

हीच शिकवण मला दोन अभिजात ग्रंथांत पुन्हा भेटली. मदरशात फारसी शिकताना ‘गुलिस्तान’ वाचला आणि बी.ए.ला मराठी घेतल्यावर ‘आज्ञापत्र’.

शेख सादींनी ‘गुलिस्तान’ १२५८ साली लिहिला. त्याच्या पहिल्या अध्यायात इराणचा बादशहा नौशेरवान याची एक कथा आहे. शिकारीत मांस भाजताना मीठ नव्हते, म्हणून नोकराला जवळच्या गावी पाठवले. बादशहाने बजावले की मीठ किंमत देऊनच आणावे, नाहीतर तशी प्रथा पडेल आणि गाव उजाड होईल. एवढ्याशा मिठाने काय बिघडणार, असे लोकांनी विचारले. त्यावर तो म्हणाला की, जुलमाचा पाया आरंभी लहानच होता. पुढे येणाऱ्या प्रत्येकाने त्यात भर घातली. सादी पुढे सांगतात की, राजाने रयतेच्या बागेतले एक सफरचंद फुकट खाल्ले, तर त्याचे नोकर झाडच मुळासकट उपटून नेतात.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’तही असेच झाड भेटते. आरमाराला लाकूड हवे होते आणि आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी होते. तरीही त्या झाडांना हात लावू नये, अशी ताकीद तेथे आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

शिराझचे सादी आणि मराठी राज्याचे अमात्य यांच्यात साडेचार शतकांचे अंतर आहे. कसोटी मात्र एकच आहे: ज्याच्याकडून आपण घेतो, त्याला ‘नाही’ म्हणता येते काय?

वाचकहो, या कसोटीवर मी स्वतः उतरलो नाही. नागापुरात मकतबमध्ये शिकवताना एका विद्यार्थ्याला त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानातून चहा-साखर आणायला सांगितले. “अब्बांनी पैसे नको म्हटलेय,” तो म्हणाला. मला बरे वाटले. मग दर आठवड्याला तसेच होऊ लागले. पुढे एकदा मी स्वतः दुकानात गेलो. उधारीच्या वहीत साऱ्या गल्लीची नावे होती, माझे नव्हते. मुलाच्या उस्तादाचे नाव ते लिहिणार तरी कसे? मी ज्याला आदर समजत होतो, त्यात संकोचही होता. आठवून आठवून हिशेब केला आणि पैसे दिले. ते घेईनात, तेव्हा सादींची मिठाची गोष्ट सांगितली.

आता आपणही आपला कळप पाहावा. एमआयडीसीत सुपरवायझर असाल, तर हाताखालच्या कामगाराला घरच्या कामाला पाठवता काय? मशिदीचे विश्वस्त असाल, तर जमातीची सतरंजी घरच्या कार्याला विनाविचार नेता काय? घरातील वडीलधारे असाल, तर सुनेचे मौन ही तिची संमती समजता काय? जिथे समोरच्याला नकार देणे कठीण, तिथे किंमत आणि परवानगी यांची काळजी आपणच घ्यायची असते.

आज रात्री निजण्यापूर्वी असे एक देणे आठवा आणि उद्या ते फेडा. कियामतच्या दिवशी ते फेडायला रुपये नसतील, आपली सत्कर्मेच द्यावी लागतील.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.