भुईमुगातील दोन उत्परिवर्तने आणि तेलाचा टिकाऊपणा

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी भरणारी ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाची जत्रा. तेथे राशीने विकली जाणारी शेंग ताजी असेपर्यंत गोड लागते. साठवलेला दाणा मात्र काही महिन्यांत खवट होऊ लागतो. याचे प्रमुख कारण दाण्यातील लिनोलेइक आम्ल. त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध असल्याने हवेतील ऑक्सिजनची क्रिया त्यावर लवकर होते. एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल पुष्कळ अधिक टिकते.

ओलेइकचे लिनोलेइक करणारे विकर, म्हणजे एक प्रथिन, ‘फॅड-२’ जनुकापासून बनते. भुईमुगाला दोन रानटी पूर्वजांकडून गुणसूत्रांचे दोन संच मिळाल्याने हे जनुक ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन ठिकाणी आढळते.

जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. प्रत्येक गट एक अमिनो आम्ल ठरवतो. ‘कमल बदक सरस’ यात एक अक्षर बदलून ‘कमल बदल सरस’ केले, तर एकच शब्द पालटतो. पण मध्ये ‘न’ घुसवला की वाचन ‘कमल नबद कसर स’ असे होऊन पुढचे सारेच निरर्थक ठरते. ‘ए’ जनुकात पहिला प्रकार घडला आहे: ४४८व्या स्थानी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर आल्याने प्रथिनातील १५०वे अमिनो आम्ल ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजीन झाले. एवढ्यानेही विकर निकामी होते. ‘बी’ जनुकात ४४१व्या अक्षरानंतर एक ‘ए’ जादा शिरला. वाचन सरकले, थांबण्याचा संकेत अकाली आला आणि प्रथिन अर्धवट राहिले. अक्षर बदलूनही तेच अमिनो आम्ल कायम राहिले, तर प्रथिनावर सहसा परिणाम होत नाही.

उच्च ओलेइक भुईमुगाची नोंद फ्लोरिडातील संशोधकांनी १९८७ मध्ये केली. त्या वंशातील ‘सनओलेइक ९५आर’शी संकर करून भारतात ‘गिरनार ४’ व ‘गिरनार ५’ हे वाण तयार झाले. प्रचलित वाणांत ओलेइक आम्ल ४५ ते ५२ टक्के, तर यांत सुमारे ७८ टक्के असते.

अडचण बियाण्याची आहे. दोन्ही उत्परिवर्तने अप्रभावी असल्याने साध्या वाणाशी संकर झालेल्या दाण्यात ओलेइकचे प्रमाण घटते. भुईमूग स्वपरागित असल्याने संकर क्वचितच होतो. खरी भेसळ मळणी, शेंगा फोडणी आणि साठवणीत होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बीजोत्पादनाचे खळे व पोती वेगळी ठेवावी लागतात. शंका असल्यास अंकुराविरुद्धच्या टोकाचा लहान काप काढून त्यातील आम्लांचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासता येते. उरलेला दाणा पेरता येतो.