मनुष्य आपला धंदा कशावरून निवडतो?

खेड तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलासाठी शिफारसपत्र मागावयास आले. चाकणच्या एखाद्या कारखान्यात मुलाला चिकटवावे, इतकीच त्यांची इच्छा होती. "तो घरी रिकामा असता काय करतो?" असे मी विचारले. ते कष्टी होऊन म्हणाले, "काही नाही, पाळकसाहेब. शेजाऱ्यांच्या नादुरुस्त मोटारी उघडत बसतो."

प्रिय वाचकहो, ज्या प्रश्नाचे उत्तर बाप शोधीत होता, ते त्याने स्वतःच्याच तोंडाने सांगितले, परंतु ते त्याला ऐकू आले नाही. चिकटवितात ती वस्तू. मनुष्याला धंद्याची ओढ असावी लागते. ही ओढ किती प्रकारची असते व तिची पारख कशी करावी, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

१. गरजेची ओढ. हिला कोणी हलके लेखू नये. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. पुढे आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी होऊ लागल्या, आणि टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स हिचा मालमोटारींचा कारखाना आला. कोरडवाहू मुलखातील हजारो माणसे पोटासाठी येथे आली, आणि त्यांच्या घामावर लेकरे शिकली. तथापि गरज इतकेच सांगते की, काम कर. कोणते काम कर, हे ती सांगत नाही.

२. मानाची ओढ. पूर्वी चाकण म्हटले म्हणजे कांदाबटाट्याचा बाजार आठवे. आता कारखान्याचे फाटक व गणवेश डोळ्यांपुढे येतो. शेजाऱ्याचा मुलगा गणवेश घालून निघाला की आपल्यालाही तो हवासा वाटतो. परंतु त्या गणवेशातील पुष्कळांची नावे कारखान्याच्या पटावर नसून ठेकेदाराच्या वहीत असतात. मुदत संपली म्हणजे गणवेश परत द्यावा लागतो. ज्याने लेथ चालविणे, वेल्डिंग किंवा विजेचे काम मनापासून शिकून घेतले, त्याची विद्या मात्र कोणी परत मागत नाही. म्हणून फाटक पाहून धंदा धरू नये.

३. हाताची ओढ. पिंपरीचे कारखाने होण्याच्या कितीतरी आधीचे एक उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले. चित्रकलेचे दार बंद झाले, पण रेघ काढणारा हात तर शाबूत होता. तो हात ते यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले. पुढे त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले, मग कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ओढ खरी असली म्हणजे एक वाट बुजली तरी ती दुसरी शोधते, हे ह्यावरून शिकावे.

४. बंद दाराची ओढ. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली. तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हटले होते. त्या वेळी बंगळूरला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, ह्यांचा विचार परदेशी जाऊन पुढे शिकण्याचा होता, नोकरीचा नव्हता. परंतु हा अन्याय त्यांना सोसवेना. त्यांनी जे. आर. डी. टाटा ह्यांना एक साधे पोस्टकार्ड लिहिले. पुण्यास मुलाखत झाली आणि टेल्कोच्या त्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. आपल्या मुलीच्या हाताला कोणती ओढ आहे, हे आपण कधी विचारतो काय? की लग्न होईपर्यंत काहीतरी करू दे, असे म्हणून थांबतो?

मग पारख कशी करावी? कोणी न सांगता मुलाचे हात कोणत्या कामाकडे जातात, ते पाहावे. काम बिघडले असता तो चिडून टाकून देतो की पुन्हा हाती घेतो, हे पाहावे. आणि त्या कामाने शेजाऱ्याचे काही भले होते काय, हेही पाहावे. ह्या तिहींचे उत्तर होकारार्थी आले, तर बापाने आड येऊ नये.

"पाचारण" हा शब्द आपण बहुधा पाळक व उपदेशक ह्यांच्यापुरताच राखून ठेवितो. पण पौल प्रेषित तंबू करीत असे (प्रे. कृ. १८:३), आणि त्या कामाची त्याला लाज नव्हती. उत्तम सुताराला व उत्तम फिटरालाही पाचारण आहे, असे आपण म्हणू लागलो, तर आपली मुले आपल्या कामाकडे निराळ्या दृष्टीने पाहतील.

त्या गृहस्थांना मी पत्र लिहून दिले, परंतु ते कारखान्याच्या फाटकासाठी नव्हते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार दुरुस्तीचा धंदा शिकण्यास मुलाला पाठवावे, असा सल्ला त्यात होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामुळे, शिक्षण झाल्यावर कारखान्यात उमेदवारी करून काही विद्यावेतनही मिळू शकते, हेही मी त्यांना सांगितले. बाप काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तो वेळ फुकट घालवीत नव्हता तर!"

विचारासाठी प्रश्न
१. आपण आपला धंदा वरील चारांपैकी कोणत्या ओढीने धरला?
२. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी रिकाम्या वेळी काय करते?
३. आपल्या मंडळीत कोणत्या कामाला आपण कमी मान देतो, आणि का?