चाई पडलेले मूल आणि आपण

(द्वितीय वर्ष, कला)

डोक्यावरचा केसांचा पुंजका अचानक गळून तेथे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसू लागला, की आपल्याकडे ‘चाई पडली’ असे म्हणतात. रोग जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत त्याला ‘इंद्रलुप्त’ म्हटले आहे आणि आजचे डॉक्टर ‘ॲलोपेशिया एरियाटा’ म्हणतात. नावे इतकी असूनही त्याविषयीची खरी माहिती फार थोड्यांना असते. मलाही नव्हती. गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीला चाई पडली. त्या वेळी आम्ही घरच्यांनी ज्या चुका केल्या, त्या इतरांकडून होऊ नयेत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम रोगाविषयी. चाईत किडा केस खातो, असा समज खेड्यापाड्यांत सर्रास आढळतो. वास्तविक तेथे किडा नसतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांनाच शत्रू समजतात व त्यांच्यावर हल्ला करतात, त्यामुळे केस गळतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, अस्वच्छतेमुळे होत नाही आणि त्याने जिवाला धोका नसतो. शंभरांत सुमारे दोन माणसांना तो आयुष्यात केव्हातरी होतो. पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात लहानपणीच होते. मुळे मरत नाहीत, त्यामुळे केस परत येऊ शकतात. चट्टे थोडे असतील तर अनेकांचे केस वर्षभरात आपोआप भरून येतात. परंतु ते पुन्हा गळूही शकतात, आणि क्वचित सगळे डोके, भुवया व पापण्यासुद्धा जातात.

मात्र प्रत्येक चट्टा चाईचाच असतो असे नाही. गजकर्णासारख्या बुरशीनेही मुलांच्या डोक्यावर चट्टे पडतात. त्यात खपल्या धरतात, खाज सुटते, आणि तो रोग मात्र दुसऱ्याला लागतो. त्यावर पोटात घ्यायचे औषध लागते. २०२४ च्या डिसेंबरअखेर व २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस एकाएकी गळले, तेव्हा तपासात सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखवले गेले. म्हणजे केस गळण्याची कारणे वेगवेगळी असतात. म्हणून पहिले पाऊल एकच : त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवणे.

आम्ही नेमके हेच उशिरा केले. आजीने दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी लसूण ठेचून चोळायला सांगितले. आठ दिवस चोळल्यावर चट्टा तर भरला नाहीच, उलट कातडी पोळून फोड आले. आईने तिला ‘ताप येतो’ असे कळवून तीन आठवडे शाळेत पाठवले नाही. कोणी घरी आले, की मी स्वतः तिला आतल्या खोलीत पाठवत असे. तिला वाईट वाटू नये, हा आमचा हेतू. पण आपण लपवण्यासारखे काहीतरी झालो आहोत, हे ती आमच्याकडूनच शिकली. पुढे शाळेत मुलांनी ‘टकली’ म्हणून चिडवले, पण त्याची पूर्वतयारी आम्ही घरात करून ठेवली होती.

एवढी लाज कशाची? मला वाटते, तिची मुळे आपल्या समाजात खोल आहेत. केस गेलेली स्त्री म्हटली, की अशुभ हा विचार आपल्या मनात कोठेतरी बसलेला आहे. एके काळी विधवांचे केशवपन होत असे. त्याविरुद्ध १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधव एकत्र आले आणि हे काम आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ती रूढी गेली. पण मुलीच्या डोक्यावरचा चट्टा पाहून आजीच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ‘हिचं लग्न कसं व्हायचं?’ हाच. नऊ वर्षांची मुलगी ते ऐकत होती.

एका रात्री दिवा मालवल्यावर तिने मला विचारले, “ताई, मी मैत्रिणीची फणी वापरली म्हणून झालं ना गं? आईनं नको सांगितलं होतं.” दोन महिने ती हे मनात घेऊन झोपत होती. मुलाला कारण सांगितले नाही, तर ते स्वतःच कारण शोधते, आणि बहुधा दोष स्वतःकडेच घेते. मी उठून बसले व डॉक्टरांनी सांगितले होते ते तिच्या भाषेत सांगितले : “तुझ्या अंगातल्या शिपायांची चूक झालीय. तुझी नाही.”

त्यानंतर आम्ही जे केले ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, तिला उत्तर शिकवले. “मला चाई आहे. ती दुखत नाही. कुणाला लागत नाही.” तीन लहान वाक्ये. ओसरीवर बसून आम्ही ती पाठ केली. मी चिडवणारा मुलगा व्हायचे, तिने उत्तर द्यायचे. उत्तर तयार असले, की मूल निम्मे निर्भय होते.

दुसरी, तिला विचारून मी तिच्या बाईंना भेटले. बाईंनी आधी गैरसमजाने तिला वेगळे बसवले होते. माहिती कळल्यावर त्यांनी स्वतः वर्गाला दहा मिनिटांत सारे समजावले आणि तिची जागा तिला परत दिली.

तिसरी, रुमाल बांधायचा की नाही हे तिच्यावर सोडले. उन्हात मात्र उघड्या कातडीला जपावे लागते, म्हणून बाहेर टोपी ठरलेली.

चौथी, रोज सकाळी चट्टे मोजणे बंद केले. फक्त रविवारी, न्हाणे झाल्यावर पाहायचे.

पाचवी, खोटे आश्वासन दिले नाही. डॉक्टरांनी लावायचे मलम दिले आहे. मोठ्या चाईसाठी नव्या गोळ्याही आल्या आहेत. २०२३ साली अमेरिकेत बारा वर्षे व त्यावरील वयासाठी रिटलेसिटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. परंतु अशा गोळ्या थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. म्हणून ‘दिवाळीपर्यंत नक्की येतील’ असे आम्ही म्हणत नाही. ‘येतील बहुतेक, आणि नाही आले तरी आम्ही आहोत’, असे म्हणतो.

एवढे करूनही मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, आठवडेच्या आठवडे शाळा टाळू लागले, तर मानसोपचाराची मदत घेण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या बी.एड. करून वर्गात उभे राहतील. एखाद्या सकाळी एखादे मूल टोपी न काढता बाकावर बसलेले दिसेल. ती टोपी काढायला सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मधल्या सुट्टीत त्याला जवळ घेऊन विचारावे, इतकीच माझी विनंती आहे.

बहिणीचे दोन चट्टे भरले, एक नवा पडला आहे. ती रोज शाळेत जाते. गेल्या दोन रविवारी चट्टे पाहायचे राहून गेले. आठवण तिलाही झाली नाही, आम्हालाही नाही.